वलगावच्या अलीकडे थांबलेली गाडी

१

गाडी बंद पडली तेव्हा अनुपमाबाई मोहरील जिवंत होत्या. ड्रायव्हर शालिकरामने बोनेट उघडलं तेव्हाही होत्या. "घाबरू नका शालिकराम," असं त्यांनीच त्याला सांगितलं होतं. पन्नास मिनिटांनी अँब्युलन्स आली, तेव्हा नव्हत्या.

दुपारचे सव्वातीन वाजले होते. बाईंच्या छातीत कळ आली म्हणून दर्यापूरहून अमरावतीच्या दवाखान्यात निघालेली डिझेल गाडी वलगावच्या अलीकडे दोन आचके देऊन थांबली, ती थांबलीच. मागच्या सीटवर बायकोचं डोकं मांडीवर घेऊन वकील कमलाकांत मोहरील बसले होते. कापसाने भरलेले दोन ट्रक थांबले, माणसं उतरली, पण आडव्या माणसाला चढवायचं कुठं? फोनवरचा माणूस सारखा सांगत होता, हलवू नका, अँब्युलन्स निघाली आहे. शालिकराम चावी फिरवत राहिला. शेवटी बॅटरी मेली आणि तोही रडायला लागला.

तेराव्याचीही वाट न पाहता सातव्या दिवशी वकिलांनी गॅरेजवाल्या स्वप्निल तायडेविरुद्ध ठाण्यात तक्रार दिली आणि अकोल्याला एक फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने जानराव वानखडे दर्यापूरला उतरले.

जानराव म्हणजे एकतीस वर्षं आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकची पोरं घडवलेला माणूस. बोलणं रोखठोक, आणि कोर्टात तज्ज्ञ म्हणून उभे राहिले की जास्तच रोखठोक. गाडी त्यांच्यापासून काही लपवत नाही, असं लोक म्हणत. माणसं लपवतात, असं ते स्वतः म्हणत.

"सोमवारी ठाणेदार गुन्हा नोंदवणार," वकील म्हणाले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, पण आवाज कोर्टातलाच. "निष्काळजीपणामुळं मृत्यू. त्याला तज्ज्ञाचं मत हवं आहे. मी तुमचं नाव दिलं."

"साहेब, एक गोष्ट पहिलेच सांगतो. स्वप्निल तायडे माझा विद्यार्थी आहे."

"माहीत आहे मला. अकोल्याच्या खटल्यात मी तुम्हाला माझ्या बाजूनं उभं केलं, आणि तुम्ही माझ्याच अशिलाविरुद्ध खरं बोललात. हरलो मी. तेव्हा फार राग आला होता. या वेळी दुसरं नाव सुचलं नाही."

"त्याचं म्हणणं काय आहे?"

इथे वकिलांचा आवाज चिरला. "म्हणतो, चार तारखेला बाईंना फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. अनुपमाला! जी आता बोलू शकत नाही, तिला! मेलेल्या माणसाला साक्षीला उभं करतो, जानराव. पस्तीस वर्षांत लबाड साक्षीदार ढीगभर पाहिले, असा नाही पाहिला."

"म्हणजे फोन झालाच नाही?"

"झाला. तिच्या मोबाइलवर नोंद आहे, एक मिनिट चाळीस सेकंद. पण गाडीला धोका आहे असं तो बोलला असता, तर तिनं मला सांगितलं असतं. अडतीस वर्षांत दूध नासलं तरी मला सांगायची ती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तो पोरगा खोटं बोलतोय. तुम्ही फक्त ते सिद्ध करा."

२

गाडी अंगणात उभी होती. जानरावांनी आधी नाकाने काम सुरू केलं. टाकीचं झाकण उघडून वास घेतला. घासलेट नाही. पेट्रोल नाही. मग फिल्टर काढला आणि त्यातलं डिझेल इंदूबाईंकडून मागून आणलेल्या पांढऱ्या बशीत ओतलं. इंदूबाई म्हणजे मोहरीलांकडे वीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाई. त्या दारात उभ्या राहून पाहत होत्या.

तळाशी पाण्याचा थेंब नव्हता. पण बशी हलवली तसं डिझेल चकाकलं. जानरावांनी खिशातलं लोहचुंबक बशीखाली धरलं आणि ती चकाकी भराभर एका जागी गोळा झाली. लोखंडाचा बारीक चुरा.

जुन्या जीपचा पंप म्हणजे बैल. काहीही पाजा, ओढतो. नव्या गाड्यांचा नाजूक. त्याला डिझेल हेच वंगण. एकदा आतलं लोखंड लोखंडाला घासलं की चुरा सुटतो, पुढे इंजेक्टरमध्ये शिरतो, मागे टाकीत उतरतो. मग नुसता पंप बदलून भागत नाही, टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळंच धुवावं नाही तर बदलावं लागतं. खर्चाचा आकडा ऐकून चांगला चांगला माणूस मटकन खाली बसतो. काही म्हणतात, पुढच्या महिन्यात पाहू. तोवर गाडी चालतेही, आणि एके दिवशी चालत नाही.

डिझेल चांगलं होतं. पंपच झिजून संपला होता, आणि तोही एका दिवसात नव्हे. म्हणजे गाडी गॅरेजला गेली तेव्हा हा चुरा दिसायलाच हवा होता. दिसला नसेल तर स्वप्निल आंधळा, आणि दिसून गप्प बसला असेल तर गुन्हेगार.

गाडीच्या खणात डिझेलच्या पावत्यांचा गठ्ठा होता. जानरावांनी चाळला आणि खिशात घातला.

स्वप्निलचं गॅरेज बंदच होतं म्हणायचं. शटर अर्धं वर, आत एकही गाडी नाही. आठ दिवसांत लोकांनी आपापल्या गाड्या नेल्या होत्या. स्वप्निल उठून उभा राहिला.

"सर, तुमी? वकील सायबानं तुमाले बोलावलं?"

"हो. आणि मी तुह्या बाजूनं आलो नाही, हे आधीच समजून घे. आता सांग. पहिल्यापासून, आणि नेमक्या शब्दांत."

"तीन तारखेले गाडी आली, सर. सकाळी लवकर सुरू नाई होत म्हणून. मी फिल्टर बदलला. सायबाले अकोल्याले जायचं होतं, शालिकरामभाऊ घाई करून राहिले होते, घेऊन गेले. संध्याकाळी जुना फिल्टर कापून पायला तं चुरा. झोप नाई आली मले. दुसऱ्या दिवशी सायबाले फोन लावला, तं बंद. कोर्टात असन. मंग बाईले लावला."

"काय बोलला?"

"म्हणलं, बाई, पंप खराब आहे. पंप बदला, नाई तं गाडी कुठी तरी रस्त्यात बसन. बाई म्हणल्या, किती घाई आहे? म्हणलं, आजच बदला. सायबाले सांगजा. त्या म्हणल्या, सांगते."

"खर्च सांगितला?"

स्वप्निलने मान खाली घातली. "नाई. पावणेदोन लाखाचं काम, सर. फोनवर आकडा सांगतला की लोक म्हणते, लुटून राह्यला. सायब आले की जुना फिल्टर समोर ठेवून सांगू म्हणलं."

"मग पंधरा दिवस गाडी आली नाही, तरी तू गप्प काहून बसला लेका?"

"मले वाटलं, अमरावतीच्या मोठ्या वर्कशॉपमंधी देली असन. आमच्यासारख्याच्या टीनाच्या शेडमंधी एवढं मोठं काम कोण देते सर?" तो थांबला. "मले वाईट वाटलं होतं. म्हणून नाई इचारलं. माही चूक आहे ते. पण मी सांगतलं होतं. बाईची शपथ, सांगतलं होतं."

जानरावांना पोराच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं आणि त्यांचा जीव तुटला. पण डोळ्यांतलं पाणी हा काही पुरावा नव्हे, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

"शपथ नको घेऊ," ते म्हणाले. "तुह्या शपथेनं सोमवार टळत नाही."

३

चहाच्या टपरीवर बसून जानरावांनी पावत्या तारखेवार लावल्या, आणि कपातला चहा निवून गेला.

दोन तारखेपर्यंतची प्रत्येक पावती चौकातल्या मनोजच्या पेट्रोल पंपाची. वकिलांच्या घरापासून चार मिनिटांवर. चार तारखेची संध्याकाळची पावती मात्र अकोट रस्त्यावरच्या दुसऱ्या पंपाची होती, गावाबाहेर, चांगलं सहा किलोमीटर. त्यानंतरच्या सगळ्या तिथल्याच.

शालिकरामचा काही धंदा? तिकडे स्वस्तात भेसळ भरून वरचे पैसे खिशात? पण डिझेल तर चांगलं निघालं होतं. जानराव उठले आणि तडक मनोजकडे गेले.

मनोज तोंडाचा फाटका माणूस. मोहरीलांचं नाव काढताच उसळलाच. "बाई गेल्या, देव त्यायले सुखी ठेवो. पण त्या घरानं माही इज्जत घेतली ना भाऊ! बावीस वर्षं गाडी माह्याकडे येत होती. चार तारखेले अचानक बंद. मी शालिकरामले रस्त्यात गाठलं. म्हणलं, काहून गा, काय चुकलं? तं म्हणते, तुमचं डिझेल खराब आहे. चार माणसांत म्हणाला! माह्या डिझेलमंधी पाणी दाखवा, पंप तुमच्या नावानं करून देतो."

"खराब आहे हे कोणी सांगितलं त्याला?"

"घरून हुकूम म्हणे. आता वकिलाच्या घरच्या हुकमावर अपील कुठी करू मी?"

जानराव रस्त्यावर आले. चार तारखेला दुपारी फोन. चार तारखेला संध्याकाळी मनोजचा पंप बंद. एवढी वर्षं जिथं गाडी भरली, ती जागा एका दिवसात सुटते, आणि तीही त्याच दिवशी? स्वप्निलने सांगितलेले शब्द त्यांनी तिथेच उभं राहून पुन्हा एकदा पुटपुटले, आणि मग शालिकरामचं घर शोधत निघाले.

४

शालिकराम ओट्यावर बसला होता. बाई गेल्यापासून त्याने गाडीला हात लावला नव्हता. साठीचा माणूस आठ दिवसांत सत्तरीचा दिसत होता.

"मी काई नाई केलं जी," जानरावांना पाहताच तो म्हणाला. "घासलेट नाई टाकलं, डिझेल नाई इकलं. लोक काईबी बोलते."

"माहीत आहे मले. डिझेल एक नंबर आहे. मले एकच सांगा. मनोजचा पंप काहून सोडला?"

"बाईनं सांगतलं."

"काय शब्द होते बाईचे?"

शालिकराम आठवू लागला. "दुपारी जेवणं झाल्यावर बाई बाहेर आल्या. म्हणल्या, शालिकराम, पंप खराब आहे म्हणते स्वप्निल. आजपासून पंप बदला. मी म्हणलं, मनोजभाऊचा? तं म्हणल्या, हो, आता अकोट रोडवर जात जा."

म्हणजे तसंच होतं. पंप खराब आहे, पंप बदला. मेकॅनिकच्या तोंडी पंप म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा लोखंडाचा डबा. बाकी साऱ्या गावाच्या तोंडी पंप म्हणजे जिथं डिझेल भरतात ती जागा. शब्द एकच. बोलणाऱ्याने खरं सांगितलं, ऐकणारीने मन लावून ऐकलं, त्याच संध्याकाळी अंमलही झाला. आणि गाडी चालत राहिली, आतून लोखंड खात.

पावणेदोन लाख हा आकडा स्वप्निल फोनवर नुसता बोलला असता, तर कोणाचीही गल्लत झाली नसती. डिझेल भरायची जागा बदलायला कोणी पावणेदोन लाख मागत नाही. चांगुलपणाने, भिडेपोटी, त्याने तेवढंच गिळलं.

"गाडी धक्के देत होती काय मधात?" जानरावांनी विचारलं.

"दोनदा देल्ले. मले वाटलं, जुन्या पंपाचं खराब डिझेल टाकीत उरलं असन. जाईन हळूहळू." शालिकरामने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "सायेब, आता मले सांगा, मी मारलं काय बाईले?"

"नाही," जानराव म्हणाले, आणि त्याच्याजवळ ओट्यावर बसले.

कोडं सुटलं होतं. स्वप्निल खरा, शालिकराम खरा, मनोज खरा. चूक झाली ती बाईंच्या समजण्यात, आणि बाई आता कोणाच्याच शिक्षेच्या आवाक्यात नव्हत्या. अहवाल लिहायला सोपा होता. जानरावांना हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची थोडी लाजही वाटली.

५

ते मोहरीलांच्या घरी मागच्या दाराने आले. वकील आत पडले होते. स्वयंपाकघराच्या पायरीवर इंदूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "सापडलं काय भाऊ?"

जानरावांनी थोडक्यात सांगितलं. बाईंच्या ऐकण्यात गल्लत झाली, त्यांना वाटलं डिझेल भरायचा पंप, बिचाऱ्यांचा दोष नाही, पण झालं ते असं झालं.

इंदूबाईंचा हात सुपातच थांबला. मग त्यांनी चिडून सूप बाजूला सारलं.

"गेलेल्या बाईले काहून बट्टा लावून राहिले तुमी? बाईले बराबर समजलं होतं!"

"काय समजलं होतं?"

"मी वाढून राहिली होती ना! सायब कोर्टातून जेवाले आले होते, हातात कागद. बाई म्हणल्या, स्वप्निलचा फोन होता, पंप खराब आहे म्हणतो, बदला म्हणतो. सायबानं मान नाई वर केली. म्हणाले, मग बदला. मंग बाईनं इचारलं..." इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. "बाईनं इचारलं, अहो, पण पंप म्हणजे गाडीतला का हो? त्याला फोन करून विचारू का परत?"

"आणि साहेब?"

"सायब म्हणाले, गाडीतला कसला? मनोजचा. पंप खराब म्हणजे डिझेल खराब. एवढ्याशा गोष्टीले दहा फोन कायले? शालिकरामले सांग, दुसरीकडे जा म्हणा. अन् पुन्हा कागद वाचाले लागले."

"हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"मले कोणं इचारलं, भाऊ?" इंदूबाई म्हणाल्या. "अन् सांगून काय करू? बाई तं गेली. उरलेल्या माणसाले मारू काय?"

आतल्या खोलीत पलंग करकरला. वकील उठले होते.

६

जानरावांपुढे दोन अहवाल होते. एकात लिहायचं, मयत व्यक्तीचा गैरसमज झाला. स्वप्निल सुटतो, वकील जगतात, आणि खोटं असं त्यात फारसं काही नसतं. इंदूबाई मरेपर्यंत बोलणार नाहीत. दुसऱ्या अहवालाचा विचारही त्यांना करवत नव्हता. समोर बसलेल्या माणसाच्या मांडीवर त्याची बायको गेली होती.

पण मग बाईंचं काय? त्यांनी विचारलं होतं. ज्या एका माणसाच्या मनात शंका आली, तिच्याच माथी चूक मारायची?

"बोला," वकील म्हणाले. "खोटा आहे ना तो?"

"साहेब, तुम्ही साक्षीदाराला विचारता तसं मी तुम्हाला विचारू?"

वकिलांनी नुसती मान हलवली.

"चार तारखेला तुम्ही दुपारी घरी जेवलात?"

"हो. कोर्टातून आलो होतो."

"जेवताना काही वाचत होतात?"

"एका फेरफाराच्या दाव्याची कागदपत्रं. दुसऱ्या दिवशी युक्तिवाद होता."

"मनोजचा पंप सोडा, असं शालिकरामला कोणी सांगितलं?"

"अनुपमानं. डिझेल खराब होतं त्याचं. मीच म्हटलं तिला, की..." वकील थांबले.

जानरावांनी मदत केली नाही. मदत करणं हा त्या वेळी अपमान झाला असता.

"तिनं सांगितलं की स्वप्निलचा फोन होता," वकील हळूहळू म्हणाले. "पंप खराब आहे. मी म्हटलं, मग बदला." त्यांनी डोळे मिटले. "मग तिनं काहीतरी विचारलं. काय विचारलं तिनं, जानराव?"

"ते तुम्हीच आठवा साहेब."

मग कमलाकांत मोहरील, ज्यांनी पस्तीस वर्षं साक्षीदारांना 'नेमकं काय म्हणालात? नेमका शब्द सांगा' असं दरडावलं होतं, ते खुर्चीत वाकले आणि त्यांच्या तोंडून असा हुंदका आला की स्वयंपाकघरातून इंदूबाई धावत आल्या.

"गाडीतला का, असं विचारलं तिनं," ते म्हणाले. "गाडीतला का हो. परत फोन करू का, म्हणाली. मी म्हटलं, कशाला."

बऱ्याच वेळाने त्यांनी पाणी मागितलं. अर्धा पेला प्याले. "मी तो फोन करू दिला असता, तर ती वाचली असती?"

"ते मला सांगता येत नाही साहेब. गाडी पोचली असती, एवढंच मला सांगता येतं."

वकिलांनी कोट चढवला. सोमवारची वाट पाहायची नव्हती. ठाण्यापर्यंत ते पायीच निघाले. जानराव बरोबर होते, आणि त्यांचा निरोप मिळाल्यामुळे स्वप्निलही येऊन ठाण्याच्या दारात अंग चोरून उभा होता. वकील त्याच्यासमोर थांबले. त्यांनी हात जोडले. स्वप्निल घाबरून मागे सरकला. "सायेब, असं नका करू, माहंही चुकलं, मी खर्च नाई सांगतला, दुसऱ्यांदा नाई इचारलं..."

"तुझं चुकलं ते तू बोललास," वकील म्हणाले. "मला माझं बोलू दे."

आत बसून त्यांनी तक्रार मागे घेण्याचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. चांगली दोन पानं. ठाणेदाराने वाचला, पुन्हा वाचला, आणि ओशाळून म्हणाला, "साहेब, एवढं कशाला? गैरसमजुतीतून तक्रार दिली होती, एवढी एक ओळ पुरे आहे. घरातलं जेवणावरचं बोलणं कागदावर कशाला आणता? तुमचंच नाव खराब होईल."

"नाही," वकील म्हणाले. "तिनं विचारलं होतं, हे त्यात राहू द्या. ती बरोबर होती. मी तिला घरात कधी तसं म्हटलं नाही, आता कुठंतरी लिहिलेलं तरी असू दे."

त्यांनी अर्ज आपल्याकडे ओढला, बायकोच्या नावाखालची ओळ एकदा नीट वाचली, आणि सही केली.